वाचण्यापुरते दार

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती डहाणू तालुक्यातल्या कैनाडची, वारली घरातली. मराठी घेऊन एम. ए. झाली आणि आता त्याच भागातल्या एका आश्रमशाळेत शिकवते. लग्नात धवलेरी जी गाणी म्हणते ती गाणी ही मुलगी गेली काही वर्षे आपल्या आजीकडून आणि पाड्यावरच्या इतर बायकांकडून उतरवून घेत आहे. वारली लग्नविधीवर आणि त्यातल्या गाण्यांवर एका परदेशी नियतकालिकात एक दीर्घ लेख येऊन गेला आहे, असे तिला कुठल्याशा तळटीपेत आढळले होते. ती म्हणाली, "सर, लेखाचं नाव दिसतं, पहिला परिच्छेद दिसतो, पुढे उघडत नाही. तुमची संस्था कोणती, असं विचारतंय. काय लिहू?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. विद्यापीठात शिकत असताना असले लेख ती सहज उघडत असे. निकाल लागला, विद्यापीठाच्या यादीतून नाव कमी झाले आणि त्याबरोबर दारही मिटले. तिला त्या लेखाची प्रत विकायची नव्हती, त्यातला एक शब्द बदलायचा नव्हता, त्यावर आपले नाव घालायचे नव्हते. तिला तो फक्त वाचायचा होता. ज्या प्रदेशातली गाणी त्या लेखात होती तो प्रदेश तिचा होता आणि ती ज्या दाराबाहेर उभी होती ते दार मात्र दुसऱ्या कोणाचे होते.

केवळ वाचू इच्छिणाऱ्या माणसाला त्याचे नाव, गाव आणि सभासदत्व का विचारावे? वरवर पाहता हा प्रश्न संगणकाच्या युगातला वाटतो. प्रत्यक्षात तो ग्रंथालयांइतकाच जुना आहे. आपल्याकडे त्याला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळाली आणि त्यांतली काही उत्तरे आजच्या उत्तरांपेक्षा उदार होती. त्या उत्तरांचा हा थोडक्यात आढावा आहे.

१

इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये साखळ्यांनी बांधलेले ग्रंथ आजही पाहायला मिळतात. प्रत्येक ग्रंथाच्या पुठ्ठ्याला एक साखळी आणि साखळीचे दुसरे टोक फळीच्या गजाला. आजच्या वाचकाला हे दृश्य ज्ञानाच्या बंदिवासाचे वाटते. परंतु त्याकडे उलट बाजूनेही पाहता येते. ग्रंथ जागचा हलणारच नसेल तर वाचणारा कोण आहे याची फारशी चौकशी करावी लागत नाही. ग्रंथ बांधला म्हणजे वाचक मोकळा राहतो. ग्रंथ मोकळा केला, घरी नेऊ दिला, की मग वाचकाला बांधावे लागते: त्याचे नाव वहीत लिहावे लागते, अनामत घ्यावी लागते, वर्गणी घ्यावी लागते. ग्रंथालयाच्या वहीतले वाचकाचे नाव हे मुळात तारण आहे. ते पुस्तक परत यावे म्हणून घेतलेले असते. वाचनाशी त्याचा थेट संबंध नसतो.

हा भेद ध्यानात ठेवला तर एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या ग्रंथालयांचा इतिहास वेगळ्या रीतीने वाचता येतो. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर म्हणजे आजचे अहिल्यानगर (१८३८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८), कोल्हापूर (१८५०) अशी एकामागून एक वाचनालये निघाली. त्यांना 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' अशा धर्तीची नावे होती. इंग्रज अधिकारी, सरदार आणि नवशिक्षित मंडळी यांच्या वर्गणीवर ती उभी राहिली. वर्गणी देणारा तो सभासद आणि सभासद तो वाचक, असा सरळ हिशेब होता. मुंबईत त्यापूर्वीच, १८०४ साली, सर जेम्स मॅकिंटॉश यांनी लिटररी सोसायटी स्थापन केली होती. तीच पुढे एशियाटिक सोसायटी म्हणून प्रसिद्ध झाली. टाउन हॉलमधल्या तिच्या समृद्ध संग्रहाचे दार हिंदी माणसाला सभासद म्हणून उघडण्यास १८४० साल उजाडावे लागले. त्या वर्षी माणकजी करसेटजी हे पहिले हिंदी सभासद झाले. म्हणजे छत्तीस वर्षे त्या ग्रंथांना एका अर्थी साखळी नव्हतीच. साखळी होती ती सभासदांच्या यादीला.

वर्गणीची अट तशी साधी दिसते. परंतु ज्या समाजात अक्षरओळख हाच एक मक्ता होता तिथे वर्गणी, ओळख आणि जात यांची दारे एकामागे एक लागलेली असत. बाहेरचे उघडले तरी आतले उघडेलच असे नव्हते. १९२४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा वसतिगृहांबरोबर वाचनालये काढणे हेही तिच्या उद्दिष्टांत घातले गेले, ते उगाच नव्हे. इतरांच्या वाचनालयाचे दार आपल्यासाठी उघडेल याची वाट पाहत बसण्यापेक्षा आपले वाचनालय काढावे, हा त्यामागचा अनुभव होता.

२

या वर्गणीच्या परंपरेला पडलेला छेद म्हणजे 'मुक्तद्वार' ही कल्पना. हा शब्द आपल्या ग्रंथालयांच्या पाट्यांवर इतका रुळला आहे की त्यातले नावीन्य आता जाणवत नाही. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले आणि १८९८ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. मराठी ग्रंथांचा संग्रह व्हावा हा त्यांचा मुख्य हेतू होता. मात्र अशा संस्थांबरोबर गावोगाव जी गोष्ट रुजली ती मुक्तद्वार वाचनकक्षाची. लांब टेबले, उतरत्या फळ्यांवर दोऱ्याने किंवा पट्टीने अडकवलेली वर्तमानपत्रे, भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आणि आत येणाऱ्याला कोणीही नाव न विचारणे. पुस्तक घरी न्यायचे असेल तर वर्गणी भरा, सही करा. इथे बसून वाचायचे असेल तर या आणि बसा. हेरफर्डच्या साखळीचे तत्त्व इथे वर्तमानपत्राच्या पट्टीत उतरले होते.

मराठी लेखकांच्या आत्मचरित्रांत असल्या वाचनकक्षांचे उल्लेख वारंवार येतात. गिरणीतली पाळी संपवून आलेला कामगार, परीक्षेची फी भरू न शकणारा विद्यार्थी, निवृत्त कारकून, नोकरीच्या जाहिराती उतरवून घेणारा बेकार तरुण हे सगळे एकाच टेबलाशी बसत. त्यांची नोंद कोणत्याही वहीत नाही. म्हणूनच मराठी वाचकाच्या इतिहासात त्यांचा ठावठिकाणा लागत नाही. सभासदांच्या याद्या सापडतात, अहवाल सापडतात, देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या तर हमखास सापडतात. मुक्तद्वारातल्या वाचकाने मात्र मागे काही ठेवलेले नाही. इतिहासकाराला ही अडचण आहे, हे खरे. त्या वाचकाला मात्र तीच मोकळीक होती. आपण काय वाचतो हे कोणाला कळणार नाही, हा वाचनाच्या आनंदाचा आणि कधीकधी सुरक्षिततेचाही भाग असतो.

बडोद्यात या कल्पनेला राज्यव्यवस्थेचे रूप मिळाले. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचे केले. शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काही मिळाले नाही तर तो पुन्हा निरक्षर होतो, हे त्यांनी ओळखले होते. अमेरिकेतली ग्रंथालये पाहून आल्यावर त्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावले. तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि फिरती ग्रंथालये अशी एक उतरंड उभी राहिली. यांतली फिरती ग्रंथालये प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहेत. पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी बडोद्याहून खेड्यात जाई. तिथे शाळेचा मास्तर किंवा कोणी जबाबदार गृहस्थ ती ताब्यात घेई आणि गावकरी वाचत. बडोद्याच्या कचेरीला त्या गावातला एकेक वाचक माहीत असण्याचे कारण नव्हते. मास्तराची जबाबदारी पुरेशी होती. गावात काय वाचले जाते, कोण वाचते, हे गावातच राही.

थोडक्यात, एका नावाच्या हमीवर अनेक निनावी वाचक. ही योजना शंभर वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्यातले तत्त्व अजून शिळे झालेले नाही. त्याकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

३

हमीचा दुसरा, कडू बाजूचा इतिहास पुण्याच्या पेशवे दफ्तरात सापडतो. मराठेशाहीच्या कारभाराचे हजारो रुमाल, त्यांतले बहुतेक कागद मोडीत, इंग्रजी राज्यात सरकारच्या ताब्यात होते. इनामांच्या चौकशीसाठी सरकारला त्यांचा उपयोग होता. नव्या राज्याला अडचणीचे काही त्यातून बाहेर पडेल ही धास्तीही होती. वासुदेवशास्त्री खरे, वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी खाजगी घराण्यांची दफ्तरे पालथी घातली. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि अडगळीतून कागद वेचले. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले ते पुण्यातच. परंतु त्याच पुण्यातला सर्वांत मोठा संग्रह या मंडळींना मोकळेपणाने पाहता येत नव्हता.

अखेर तो उघडला तो एका व्यक्तीच्या हातून. बडोदे संस्थानच्या सेवेतून निवृत्त झालेले गोविंद सखाराम सरदेसाई यांच्यावर सरकारने या दफ्तरातून निवडक कागद प्रसिद्ध करण्याचे काम सोपवले. सर यदुनाथ सरकार यांचे वजन त्यांच्या मागे होते. १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड बाहेर पडले. मराठी इतिहासलेखनावर या खंडांचे ऋण किती आहे हे इथे सांगण्याची गरज नाही. तरीही पुण्यातल्या संशोधकांची नाराजी अनाठायी म्हणता येत नाही. त्यांचा आक्षेप सरदेसायांच्या योग्यतेवर होता तितकाच प्रवेशाच्या रीतीवरही होता. एकाने आत जावे, त्याने निवडावे आणि बाकीच्यांनी त्याने निवडलेले वाचावे, ही रीत त्यांना मान्य नव्हती. त्यांना दफ्तर नको होते, दफ्तर वाचण्याची मुभा हवी होती.

बडोद्याचा मास्तर आणि पेशवे दफ्तरातला निवडलेला संशोधक या दोघांचीही भूमिका हमीदाराची आहे. एका ठिकाणी हमीदार इतरांसाठी दार उघडून बाजूला होतो. दुसऱ्या ठिकाणी त्याच्या हमीवर तो एकटाच आत जातो. हमीची व्यवस्था स्वतः उदारही नसते आणि संकुचितही नसते. हमीदाराच्या मागे किती माणसे आत येऊ शकतात यावर सगळे अवलंबून असते.

४

आता संगणकाकडे वळू. नियतकालिके महाजालावर येऊ लागली तेव्हा त्यांच्या प्रकाशकांपुढे तोच जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. इथे पुस्तक हरवण्याचे भय नव्हते. एकाने वाचले म्हणून दुसऱ्यासाठी प्रत कमी पडत नव्हती. तारण म्हणून नाव घेण्याचे जुने कारण संपले होते. परंतु पैसे भरलेले आणि न भरलेले यांत फरक करण्याची गरज उरली होती.

पहिला उपाय जागेचा होता. विद्यापीठाच्या आवारातल्या संगणकांचे पत्ते प्रकाशकाला कळवायचे. त्या पत्त्यावरून येणाऱ्या कोणालाही लेख उघडून मिळे. यूजीसी-इन्फोनेटच्या योजनेखाली २००३ नंतर आपल्या विद्यापीठांना नियतकालिके मिळू लागली ती मुख्यतः अशी. ही रीत वाचनकक्षासारखी होती. आवारात बसलात की वाचा, नाव कोणी विचारत नाही. तिचा दोषही वाचनकक्षासारखाच होता. आवाराबाहेर पाऊल टाकले की वाचन संपले.

दुसरा उपाय व्यक्तीचा. २०१० साली महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट ही योजना सुरू झाली आणि आमच्यासारख्या छोट्या गावांतल्या प्राध्यापकांनी हजारो नियतकालिके प्रथमच पाहिली. त्याबद्दल कृतज्ञताच वाटते. मात्र तिथे प्रत्येक वाचकाचे स्वतंत्र खाते होते. ग्रंथपालांनी यादी पाठवायची, प्रत्येकाला सदस्यनाम आणि परवलीचा शब्द येणार. मला ठाऊक असलेल्या एका महाविद्यालयात या परवलीच्या शब्दांची एक वही टेबलाच्या खणात असे, कारण निम्म्या प्राध्यापकांना आपला शब्द आठवत नसे. पुढेपुढे सगळे एकाच्याच नावाने आत जात. ते गृहस्थ निवृत्त झाले तरी त्यांचे नाव वाचत राहिले. नियमभंग होता, हे मान्य. परंतु वाचकांनी आपल्या परीने जुनी बडोद्याची पेटीच पुन्हा शोधून काढली होती, असेही म्हणता येईल.

तिसरा उपाय या दोहोंच्या मधला आणि तत्त्वतः सर्वांत सुंदर आहे. त्याला 'सिंगल साइन-ऑन' म्हणतात. एकदाच ओळख पटवायची आणि अनेक दारांतून आत जायचे. त्याची रीत अशी. वाचक प्रकाशकाच्या दाराशी येतो. प्रकाशक त्याला नाव विचारत नाही, कुठून आलात एवढेच विचारतो आणि त्याला त्याच्या स्वतःच्या संस्थेच्या दाराशी पाठवतो. तिथे संस्था आपल्या माणसाला ओळखते आणि एक चिठ्ठी देते: हा आमच्यापैकी आहे, याला वाचू द्यावे. चिठ्ठीवर नाव असलेच पाहिजे असे नाही. त्या वेळेपुरता एखादा आकडा पुरतो. ती पाहून प्रकाशक लेख उघडतो. त्याच्याकडे वाचकाचे खाते उघडले जात नाही. दुसऱ्या प्रकाशकाकडेही हीच ओळख चालते. आपल्याकडे इन्फ्लिबनेट या संस्थेने अशी सामायिक व्यवस्था उभारली आहे. तिच्या मुळाशी असलेली प्रणाली अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या एका प्रकल्पातून आली.

नावाच्या जागी नाते, असे या व्यवस्थेचे वर्णन करता येईल. तू कोण, हा प्रश्न ती विचारत नाही. तू कोणाचा, एवढेच विचारते.

५

या प्रणालीचे नाव आहे 'शिबोलेथ'. साहित्याच्या अभ्यासकाला या नावाशी क्षणभर थांबावेच लागते. बायबलच्या जुन्या करारात, शास्त्यांच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात ही कथा येते. गिलादी आणि एफ्राइमी यांच्यात युद्ध झाले. पराभूत एफ्राइमी जॉर्डन नदीच्या उताराशी येऊन पलीकडे जाऊ पाहत. गिलादी पहारेकरी त्यांना 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारायला सांगत. शब्दाचा अर्थ साधा, धान्याचे कणीस. परंतु एफ्राइमींच्या बोलीत 'श' नव्हता. ते 'सिब्बोलेथ' म्हणत आणि तिथेच मारले जात. बेचाळीस हजार माणसे अशी पडली, असे ती कथा सांगते.

दार उघडणाऱ्या प्रणालीला हे नाव देताना तिच्या कर्त्यांच्या मनात काय होते ते असो. नाव मात्र नकळत खरे बोलून गेले आहे. जो शब्द एकाला आत घेतो तोच दुसऱ्याला बाहेर ठेवतो.

आणि या कथेसाठी जॉर्डनच्या काठी जाण्याचीही जरुरी नाही. मराठीच्या वर्गात 'पाणी' आणि 'पानी' यांच्यामधल्या उतारावर किती मुले अडवली गेली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. ज्या विद्यार्थिनीपासून हा लेख सुरू झाला तिच्या पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत तिने एका कवितेचे केलेले विवेचन उत्तम होते. आम्ही तिघे परीक्षक होतो आणि तिघांनीही तिचे गुण 'उच्चार' या रकान्यात कापले. तिच्या घरच्या बोलीतून आलेला तो उच्चार होता. त्या रकान्यात तिची चूक कोणती होती ते आज मला सांगता येणार नाही. आमची मात्र सांगता येईल. आम्ही मजकूर ऐकण्याऐवजी शब्द ऐकत होतो.

६

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत 'वहीत नाव असणे' याचा एक निराळा आणि भयंकर अर्थ होता, हेही विसरता कामा नये. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापायी वारली माणूस सावकाराचा 'लग्नगडी' होई. कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, नवराबायकोने त्याच्या शेतावर राबायचे. वहीत काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे; त्याचा असे तो फक्त अंगठा. या पद्धतीविरुद्ध १९४५ साली उभ्या राहिलेल्या लढ्याचे चित्रण गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आहे आणि ते आपल्या अभ्यासक्रमांतून परिचित आहे. या प्रदेशात वाचता येणे म्हणजे आपले नाव दुसऱ्याच्या वहीत काय म्हणून लिहिले आहे हे कळणे, इतका मूलभूत अर्थ वाचनाला होता.

त्याच १९४५ साली ताराबाई मोडक यांनी डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी सर्वांना खुली होती. तरी वस्तीवरची मुले तिथे येईनात. दार उघडे ठेवले म्हणजे आपले काम झाले, असे या दोघींनी मानले नाही. त्या बालवाडी घेऊन वस्तीच्या अंगणात गेल्या आणि 'अंगणवाडी' हा शब्द आणि ही संस्था जन्मली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे आदिवासी मुले गुरे राखायला रानात जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर शाळाच कुरणात नेली. ती 'कुरणशाळा'. गुरे चरत आहेत आणि राखणारी मुले झाडाखाली शिकत आहेत. मूल हजेरीपटाकडे येईना तेव्हा शिक्षणच मुलाकडे गेले.

ग्रंथालयशास्त्राच्या इतिहासात बोर्डी आणि कोसबाड यांचा उल्लेख येत नाही. यायला हवा. मुक्तद्वार ही कल्पना जिथे थांबते तिथून अंगणवाडी सुरू होते. दार उघडे असणे ही पहिली पायरी. ज्याला त्या दारापर्यंत पोचता येत नाही त्याच्यापर्यंत दार नेणे ही दुसरी.

७

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. ग्रंथालयांसाठी वेगळा कर न बसवता लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना अनुदान देण्याचा मार्ग आपण पत्करला. आज राज्यात अकरा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालये आहेत. त्यांच्या अवस्थेबद्दल स्वतंत्र लेख लिहावा लागेल. एवढे मात्र खरे की गावातल्या फाटक्या छपराच्या वाचनालयातही वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्याला अजून कोणी नाव विचारत नाही. महाजालावरही हा बाणा टिकवणारी ठिकाणे आहेत. मराठी विश्वकोश नोंदणीशिवाय वाचता येतो. २००३ सालापासून चाललेल्या मराठी विकिपीडियाच्या वाचकाला खाते लागत नाही.

संशोधनपर नियतकालिकांचे मात्र तसे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने 'एक देश, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके आणि पहिल्या टप्प्यात शासकीय उच्चशिक्षणसंस्था व केंद्राच्या संशोधनसंस्था मिळून सहा हजार तीनशेंच्या वर संस्था. एवढ्या मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक पैशातून वाचनाची सोय याआधी आपल्याकडे झालेली नव्हती. तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु नाव 'एक देश' असले तरी पहिल्या टप्प्यात देशाचा अर्थ संस्था असाच आहे. ज्याच्यासाठी कोणतीही संस्था चिठ्ठी देत नाही तो नागरिक आहे, करदाताही आहे, पण वाचक नाही. एम. ए. होऊन आश्रमशाळेत शिकवणारी मुलगी, निवृत्त प्राध्यापक, तालुक्याचा इतिहास लिहिणारा हौशी संशोधक, लेखांवर जगणारा पत्रकार हे सगळे उताराच्या अलीकडे उभे आहेत.

योजनेच्या आराखड्यात तिसऱ्या टप्प्याचा उल्लेख आहे. त्यात सार्वजनिक ग्रंथालयांतल्या ठरावीक केंद्रांतून सर्व नागरिकांना ही नियतकालिके वाचता यावीत, असा विचार मांडला आहे. म्हणजे सगळे फिरून आपण पुन्हा मुक्तद्वार वाचनकक्षापाशीच येतो. यासाठी नवे काही शोधावे लागणार नाही. डहाणूच्या वाचनालयातला एक संगणक 'हा आमचा वाचक' अशी हमी देऊ शकतो. बडोद्याच्या खेड्यातला मास्तर तेच करीत होता. ही हमी निनावी ठेवण्याची सोयही प्रणालीत आहेच. प्रश्न यंत्राचा उरलेला नाही. वाचक कोणाला म्हणायचे, हे आपण अजून ठरवलेले नाही.

त्या विद्यार्थिनीने तो लेख अखेर वाचला. प्रकाशकांच्या बऱ्याच करारांत, ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन बसलेल्या बाहेरच्या वाचकाला लेख पडद्यावर वाचू द्यावा, असे एक कलम असते. ते फारसे कोणाला ठाऊक नसते. एका जाणत्या ग्रंथपालबाईंनी ते दाखवून दिले. एका शनिवारी ती डहाणू रोडहून पहाटेची गाडी धरून मुंबईला आली आणि दिवसभर त्या ग्रंथालयात बसली. संगणकाने तिला नाव विचारले नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याने मात्र नाव, पत्ता आणि येण्याचे कारण वहीत लिहून घेतले. कारणाच्या रकान्यात तिने 'वाचन' असे लिहिले.

संध्याकाळी तिचा फोन आला. लेख चांगला होता म्हणाली. गाणी बरीचशी बरोबर उतरवली होती, दोन ठिकाणी शब्द चुकले होते, ते तिने वहीत टिपून घेतले होते. मग जरा थांबून म्हणाली, "सर, गाणाऱ्या बाईचं नाव मात्र कुठंच नाही. नुसतं 'एक वारली स्त्री' असं लिहिलंय."